दक्षिण युरोपात एवढे नॅरोगेज आले कुठून, आणि गेले कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेपल्सहून पॉम्पेई बघायला गेलात, तर लोकल चक्क नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांची निघाली. गाइड म्हणाला की इटली, ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल, सगळीकडे असे मार्ग एकेकाळी होते. मग ते बांधले कशासाठी, प्रत्येकाचं माप वेगळं का, आणि बहुतेक बंद का पडले?

मी पी-वेचा, म्हणजे रेल्वेमार्ग सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी, वळणं यांतच नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं नॅरोगेजवर. निवृत्तीनंतर पेन्शनीतून जमेल तसे तिकडचे मार्ग पाहून आलो. त्यामुळे उत्तर रुळांच्या बाजूनं येणार. इंजिनांच्या शौकिनांनी सांभाळून घ्यावं.

आधी मूळ मुद्दा. रूळ अरुंद होते म्हणून हे मार्ग मेले, असं सगळेच म्हणतात. माझं मत वेगळं आहे. तुम्ही ज्या गाडीत बसलात तीच पाहा ना. चिर्कुमवेसुव्हियाना म्हणतात तिला. नेपल्सहून ऑत्तावियानोपर्यंतचा पहिला टप्पा 1891 चा, सोरेंतोची शाखा 1948 ची. रुंदी 950 मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटरगेजहून पाच सेंटिमीटर कमी. विजेवर चालते, सकाळी दारात पाय ठेवायला जागा नसते, आणि निम्म्या पर्यटकांना आपण नॅरोगेजवर आहोत याचा पत्ताही नसतो. माप जर मारत असतं, तर ही सगळ्यांत आधी मेली असती. मारलं ते दुसऱ्या गोष्टींनी: माल उतरवून पुन्हा चढवण्यानं, आणि कागदावर ठरलेल्या पैशाच्या हिशेबानं.

आता ते 950. हा आकडा कुठून आला, हे कळलं तेव्हा मी स्टेशनच्या बाकावर बसून एकटाच हसलो होतो. आपण गेज मोजतो ते दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमध्ये, डोक्याच्या किंचित खाली गेज-पट्टी धरून. इटलीत एकोणिसाव्या शतकात कायद्यानं मापं दिली ती रुळाच्या मध्यापासून रुळाच्या मध्यापर्यंत: मोठ्या मार्गांना दीड मीटर, लहानांना एक मीटर, त्याहून लहानांना पाऊण मीटर. रुळाचं डोकं साधारण पाच सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडची अर्धी अर्धी रुंदी वजा केली की एक मीटरचे राहिले 950 मिलिमीटर. म्हणजे इटालियनांच्या लेखी ते मीटरगेजच! त्यांचा मोठा मार्गही याच हिशेबानं 1445 चा होता, युरोपच्या 1435 हून एक सेंटिमीटर जास्त. मोजपट्टी कुठे टेकवायची एवढ्यावरून अख्ख्या देशाचं माप शेजाऱ्यांपासून वेगळं पडलं, आणि वसाहतींमध्येही गेलं. एरिट्रियातला मसावा ते अस्मारा हा घाटमार्ग 950 चाच आहे.

बांधले कशासाठी, याचं उत्तर तिथल्या नकाशात आहे. इटलीत सार्डिनिया, सिसिली, कालाब्रिया, ग्रीसमध्ये पेलोपोनीज, शिवाय उत्तर पोर्तुगाल, बॉस्निया: कुठेही बोट ठेवा, डोंगरच. त्यात 1870 नंतर प्रत्येक आमदाराला आपल्या खोऱ्यात रेल्वे हवी होती आणि तिजोऱ्या रिकाम्या. डोंगरात दोनच पर्याय असतात: बोगदे आणि पूल बांधून सरळ जायचं, नाहीतर डोंगराच्या कुशीतून वळसे घेत जायचं. वळसे घ्यायचे तर वळण आवळता आलं पाहिजे, आणि तिथे अरुंद रूळ कामाला येतात. एक साधा हिशेब करून बघा. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच धुरीवर घट्ट बसवलेली असतात, मोटारीसारखी वेगवेगळी फिरत नाहीत. मार्ग काटकोनात वळला की बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा स्टँडर्ड गेजवर, म्हणजे युरोपच्या मोठ्या मापावर, सुमारे 2.36 मीटर जास्त लांब भरतो, इटालियन नॅरोगेजवर 1.57 मीटर. हा फरक चाकांच्या उतरत्या कडेनं भागला तर ठीक, नाहीतर चाक घासत जातं. ज्यानं चैत्रातल्या दुपारी आवळ वळणावर उभं राहून ती किंचाळी ऐकली आहे त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय अरुंद रूळ म्हणजे अरुंद भराव, अरुंद कटिंग, हलका पूल, हलका रूळ. सगळीकडे थोडी थोडी बचत.

पण बचत किती करायची हे इंजिनिअर ठरवत नव्हता, अनुदानाचा नियम ठरवत होता. याचं सगळ्यांत गोड उदाहरण स्पेनच्या मायोर्का बेटावरचं आहे.

सोलेर हे गाव संत्र्यांचं. मधे त्रामुंताना डोंगराची भिंत, त्यामुळे राजधानी पाल्मापेक्षा गावाचा व्यवहार समुद्रावरून फ्रान्सशीच जास्त. घोडागाडीनं खिंड ओलांडायची म्हणजे दिवसभराचा खटाटोप. जेरोनी एस्तादेस नावाच्या तिथल्या बड्या असामीनं मनावर घेतलं, गावकऱ्यांनी शेअर घेतले, आणि 16 एप्रिल 1912 ला पाल्मा ते सोलेर गाडी सुरू झाली. रुंदी 914 मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंग्रजी फूट. बेटावरचा 1875 चा पहिला मार्ग तीन फुटांचा होता, तेच पुढे चाललं. एकूण 13 बोगदे, त्यातला मोठा पावणेतीन किलोमीटरच्या वर. तो ओलांडला की गाडी सात किलोमीटरांत साधारण 200 मीटर खाली उतरते.

गंमत पुढे आहे. स्पेनच्या दुय्यम रेल्वेच्या कायद्यात सरकारी हमी हवी तर मार्ग किमान 30 किलोमीटरचा लागे. पाल्मा ते सोलेर भरलं 27 आणि वर थोडं. मग काय करायचं? स्टेशनातून बंदरापर्यंत पाचएक किलोमीटरची ट्राम टाकली, 1913 मध्ये. दोन्ही मिळून 32. हिशेब जुळला. आज त्या ट्रामच्या फोटोसाठी जगभरचे लोक रांगा लावतात. लिंबू-संत्र्यांच्या परसांना जवळजवळ घासत ती जाते. मूळ कारण मात्र तीन किलोमीटर कमी पडत होते, एवढंच. पाल्माची गाडी 1929 मध्ये विजेवर आली आणि लाकडी डबे अजून तेच आहेत. आपल्याकडे कोणी इतक्या उघडपणे अंतर भरून काढलं असतं तर ऑडिटवाल्यांनी पिढ्यान्पिढ्या पत्रं पाठवली असती.

सोलेरला हा नियम लाभला. सार्डिनियाला तोच बाधला, असं मला वाटतं. तिथे 1885 च्या कायद्यानं दुय्यम मार्गांचं जाळं मंजूर झालं, त्यासाठी कंपनी निघाली, आणि फेब्रुवारी 1888 मध्ये काल्यारी ते इसिली आणि मोंती ते तेंपियो हे पहिले तुकडे उघडले. कंपनीला अनुदान किलोमीटरमागे मिळे. किलोमीटरमागे पैसे मिळत असतील तर बोगदा खणून अंतर कमी करण्यात कोणाला रस असणार?

मांदास ते आर्बाताक्स हा 1894 ला पुरा झालेला मार्ग बघा. दोन्ही ठिकाणं सरळ रेषेत साधारण 60 किलोमीटरांवर आहेत. रुळांची लांबी 159 किलोमीटर! गाव समोरच्या टेकडीवर दिसतं, चर्चचा घुमट मोजता येतो, आणि गाडी पाठ फिरवून दरीच्या तोंडापर्यंत जाऊन पलीकडच्या अंगानं परत येते. तेच गाव पुन्हा दिसतं, आता डाव्या हाताला. लोक म्हणतात कंपनीनं अनुदान लाटण्यासाठी मुद्दाम वळसे घातले. मी इतकं म्हणणार नाही. तिथे ग्रॅनाइट आहे, दऱ्या खोल आहेत, समपातळीची रेषा धरून गेलं तर अंतर वाढणारच. पण काही वळणांवर मला स्पष्ट वाटलं की इथे एक छोटा पूल टाकला असता तर दोन किलोमीटर वाचले असते, आणि तो टाकायला कोणाचं मन धजलं नाही. घाटातल्या माणसाला अशा जागा बरोबर खुपतात.

याचा परिणाम साठ-सत्तर वर्षांनी दिसला. बस आली. बसला कोणी किलोमीटरमागे बांधलेलं नव्हतं. ती गावाच्या चौकातून निघायची, आणि स्टेशन मात्र गावाबाहेर खाली कुठेतरी, कारण चढ वाचवायचा होता. पहाटे अर्धा तास उतरून स्टेशनावर या, मग 20-25 च्या गतीनं वळसे खा, हे कोण करणार? जे मार्ग वाचले ते काल्यारी, सासारी अशा शहरांच्या आसपास. डोंगरातले पर्यटनाला दिले; त्रेनीनो व्हेर्दे, म्हणजे हिरवी छोटी गाडी, या नावानं उन्हाळ्यात त्यांतले काही मार्ग चालतात. 2017 मध्ये इटलीनं पर्यटन रेल्वेचा वेगळाच कायदा केला, त्यामुळे या रुळांना निदान कागदोपत्री आसरा मिळाला.

सिसिलीतली चिर्कुमएतनेआही 950 चीच. एटना ज्वालामुखीला प्रदक्षिणा घालणारा 110 किलोमीटरचा मार्ग, 1895 ते 1898 मध्ये उघडलेला. 1981 मध्ये रांदाझ्झोजवळ लाव्ह्यानं रूळ गिळले आणि थंड झालेल्या लाव्ह्यावरूनच मार्ग पुन्हा टाकला. आम्ही पावसाळ्यात दरड कोसळली की चिडायचो. तिथल्या रूळदुरुस्तीच्या गँगला खडी शोधायला लांब जावं लागत नाही, एवढं खरं.

बॉस्नियाची गोष्ट बार्शीकरांनी नीट ऐकावी. 1878 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीनं बॉस्निया ताब्यात घेतला. फौज आत, रस्ते चिखलात, रसद अडकलेली. सावा नदीकाठच्या ब्रोडपासून आत रूळ टाकायचे होते, तेही तातडीनं. ठेकेदाराकडे दुसऱ्या रेल्वेच्या बांधकामावर माती वाहायला वापरलेले रूळ आणि छोटी इंजिनं पडून होती, रुंदी 760 मिलिमीटर. तीच आणून टाकली. 1879 मध्ये झेनित्सापर्यंत आणि 1882 मध्ये सारायेव्होपर्यंत गाडी गेली. तात्पुरतं म्हणून जे टाकलं तेच पुढे साम्राज्याचं अधिकृत अरुंद माप झालं, आणि आजही तिकडे 760 ला बॉस्नियन गेज म्हणतात. जून 1914 मध्ये सारायेव्होत मारल्या गेलेल्या आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची शवपेटी समुद्राकडे मेत्कोव्हिचला गेली तीही याच अरुंद रुळांवरून.

आपलं बार्शी लाइट होतं 762 चं, अडीच फूट. फरक दोन मिलिमीटरांचा. आमच्या गेज-पट्टीवर तो चालून जाईल. पण मागचा विचार उलटा. बॉस्नियात हाताला लागलं ते टाकलं. बार्शीला एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं प्रत्येक गोष्ट आधी ठरवली: कोणत्याही धुरीवर पाच टनांहून जास्त भार नाही, इंजिन असो की वाघिण. भार सारखा वाटला की हलका रूळही टिकतो. 1897 ला बार्शी रोड, म्हणजे कुर्डूवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली आणि जगभरच्या हलक्या रेल्वेवाल्यांनी तिची दखल घेतली. माझ्या मते नॅरोगेजचा सगळ्यांत शहाणा विचार युरोपात नव्हे, सोलापूर जिल्ह्यात रुळांवर उतरला. हा अभिमान समजा हवं तर.

आणि दुखणं मात्र दोन्हीकडे एकच. लहानपणी कुर्डूवाडीला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसताना आजीचं गाठोडं, तांब्या आणि मी अशी तीन डागांची मोजदाद चालायची. माणसं स्वतःच्या पायांनी गाडी बदलतात. पोती बदलत नाहीत. प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचं: हमाली, उशीर, फाटतूट, चोरी. ब्रोडला हेच, पोर्तुगालात दोरू नदीकाठच्या तुआ, रेगुआ, पोसिन्यू स्टेशनांवर हेच. जवळच्या अंतरावर ही हमाली भाड्यापेक्षा जड पडते. ट्रक आला तो दारातून माल उचलून दारात टाकू लागला, मग फाटक्या पोत्यांचा हिशेब कोण ठेवील?

ग्रीसकडे येतो, कारण तिथे निर्णय उघड्या डोळ्यांनी घेतला गेला. 1880 पर्यंत ग्रीसमध्ये रेल्वे म्हणजे अथेन्स ते पिरेअस एवढा एक छोटा तुकडा, 1869 चा. पंतप्रधान कुमुंदुरोस यांना स्टँडर्ड गेज हवं होतं, म्हणजे पुढेमागे युरोपशी थेट जोडता येईल. 1882 मध्ये हारिलाओस त्रिकुपिस आले आणि त्यांनी दिशा फिरवली: युरोप राहू दे, आधी आपल्या बंदरांना आपली गावं जोडू, आणि जेवढे पैसे आहेत त्यात जास्तीत जास्त किलोमीटर. म्हणून मीटरगेज. त्याच वर्षी पिरेअस-अथेन्स-पेलोपोनीज कंपनी निघाली, 1885 ला गाडी कोरिंथला, 1887 ला पात्रासला. मनुके बंदरावर पोचू लागले. 1893 मध्ये देशाचं दिवाळं निघालं, ते त्रिकुपिस यांच्याच कारकिर्दीत. पण रूळ राहिले.

थेसालीतली व्होलोसची लाइनही मीटरगेजच. तिथला इंजिनिअर एव्हारिस्तो दे किरिको, पुढे नाव काढलेल्या चित्रकार जॉर्जोचा बाप. त्यानं व्होलोसहून पेलिओन डोंगरात 600 मिलिमीटरची चिमुकली लाइन नेली, ती 1903 ला मिलिएस गावी पोचली. गावकरी तिला मुत्झुरिस म्हणत, म्हणजे तोंडाला काजळ फासलेला. मिलिएसच्या अलीकडे दरीवर एक लोखंडी पूल आहे, तो बघायला मी मुद्दाम गेलो. पुलाची गर्डर सरळ, आणि तिच्यावरचा रूळ वळणात! पहिल्यांदा पाहिलं की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पण विचार केला की पटतं. वाकडी गर्डर बनवणं महाग आणि अवघड. 600 च्या रुळाला जागा इतकी कमी लागते की सरळ गर्डरच्या रुंदीतच वळणाचा बाण, म्हणजे त्याचा फुगवटा, बसून जातो. मी पुलाच्या एका टोकाला उकिडवा बसून नुसत्या डोळ्यांनी व्हर्साइनचा, म्हणजे त्याच बाणाचा, अंदाज घेत होतो, तेव्हा एका जर्मन बाईंनी मला चक्कर आली की काय म्हणून पाणी आणून दिलं.

व्होलोस स्टेशनात तर 600, 1000 आणि 1435 ही तिन्ही मापं एकमेकांत गुंफलेली होती. आमच्यातल्या कोणालाही विचारा, दोन मापांच्या मिश्र मार्गाचे पॉइंट, म्हणजे मार्ग बदलण्याचे सांधे, सांभाळणं म्हणजे काय छळ असतो. तिथे तीन. तो सांधा ज्यानं आखला त्याला मी मनोमन नमस्कार केला.

पेलोपोनीजचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. अथेन्सकडून नवा स्टँडर्ड गेज मार्ग येत गेला, 2005 ला कोरिंथपर्यंत, 2007 ला कियातोपर्यंत. चांगलीच गोष्ट, गाडी वेगवान झाली. पण मीटरगेजचं जाळं त्यामुळे धडावेगळं झालं: राजधानीला जाणारा मुख्य धागा मोठ्या मापाचा, उरलेल्या फांद्या छोट्या मापाच्या, आणि मधे गाडी बदलणं. तरीही कालामाताकडच्या बाजूला पैसे घालून रूळ नवे केले, 2009 च्या सुमारास त्यांवर गाड्याही धावल्या. मग कर्जाचं संकट आलं, काटकसरीचा कायदा आला आणि 2011 च्या सुरुवातीला जवळजवळ सगळं जाळं थांबलं. स्लीपर नवे, खडी नवी, गाडी नाही. माझ्यासारख्याला जुना गंजलेला रूळ पाहून वाईट वाटत नाही, त्यानं त्याचं काम केलेलं असतं. नव्या खडीतून उगवलेलं गवत बघवत नाही. आज उरलंय ते कताकोलो-ऑलिम्पिया, पात्रास शहरातली लोकल, आणि दियाकोफ्तो ते कालाव्रिता ही 1896 ची 750 मिलिमीटरची दातेरी लाइन: 22 किलोमीटर, व्हुराइकोस नदीच्या अरुंद घळीतून, चढ फारच खडा झाला की मधली दातेरी पट्टी पकडून.

पोर्तुगालाबद्दल जास्त लिहवत नाही. तुआ, कोर्गू, तामेगा, साबोर: दोरू नदीला मिळणाऱ्या नद्यांची नावं आणि त्यांच्या खोऱ्यांतल्या मीटरगेज लाइनींचीही. तुआची लाइन 1887 ला मिरांदेलापर्यंत आणि 1906 ला ब्रागांसापर्यंत गेली. वरचा भाग 1991 मध्ये बंद झाला. पुढच्या वर्षी ब्रागांसात अडकलेले डबे-इंजिनं रात्रीच्या वेळी ट्रकवर चढवून नेली, दिवसा लोकांनी नेऊ दिली नसती म्हणून. खालच्या भागावर 2007 आणि 2008 मध्ये जीवघेणे अपघात झाले आणि तीही थांबली, नंतर धरणाच्या पाण्यात गेली. कोर्गू आणि तामेगा 2009 मध्ये 'दुरुस्तीसाठी' बंद केल्या. दुरुस्तीसाठी बंद हे शब्द ऐकले की रेल्वेतला जुना माणूस मान खाली घालतो. व्होगा लाइन तेवढी चालू आहे.

अपघातांचा विषय निघालाच आहे तर कालाब्रियातला फ्युमारेल्लाचा अपघात सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 23 डिसेंबर 1961, नाताळच्या तोंडावर. कातांझारोजवळ नॅरोगेजच्या गाडीचा मागचा डबा पुलावरून दरीत कोसळला, 71 माणसं गेली, त्यांत शाळकरी मुलं बरीच. त्यानंतर थोड्याच वर्षांत खाजगी कंपनीकडून कारभार काढून सरकारनं हाती घेतला. स्वस्तात बांधलेला मार्ग स्वस्तात सांभाळता येत नाही. उलट आवळ वळणं जास्त रूळ खातात, जास्त माणसं मागतात, आणि उत्पन्न कमी म्हणून माणसं आधी तिथलीच कमी होतात. ही तक्रार मला इटालियन शिकून वाचावी लागली नाही.

आता स्पेनची उत्तर किनारपट्टी, माझी सगळ्यांत आवडती. फेरोलपासून बिल्बाओपर्यंत मीटरगेज, वेगवेगळ्या कंपन्यांनी तुकड्या-तुकड्यांनी बांधलेलं. शेवटचा तुकडा 1972 मध्ये जोडला गेला, म्हणजे बाकी युरोप नॅरोगेज उखडत होता तेव्हा. आतल्या बाजूनं ला रोब्लाची लाइन, 1894 ची, लेओनचा कोळसा बिल्बाओच्या भट्ट्यांना पुरवणारी. तिच्यावरच्या इंजिनवाल्यांनी एक पदार्थ शोधला. मालगाडीला पोचायला दिवस जायचा, मग एका भांड्याला इंजिनाच्या वाफेची नळी जोडून त्यात कडधान्य आणि मांस शिजवत ठेवायचं. गाडी थांबेपर्यंत जेवण तयार. ओय्या फेरोव्हियारिया, रेल्वेची हंडी. आता ती कोळशावर शिजवतात आणि गावोगाव तिच्या स्पर्धा भरतात. आमच्या फायरमननी फावड्यावर कांदे-बटाटे भाजलेले मी खाल्लेत, तेव्हा त्या हंडीचा मोह मला वेगळा समजावून द्यायला नको.

या जाळ्याचा कारभार 1965 पासून फेव्हे या सरकारी संस्थेकडे होता, 2012 अखेर ती गाड्या चालवणारी रेन्फे आणि रूळ सांभाळणारी आदिफ यांच्यात विरली. आणि मग घडला तो बोगद्यांचा किस्सा. 2020 मध्ये आस्तुरियास आणि कान्ताब्रियासाठी 31 नव्या गाड्यांची ऑर्डर गेली, 25 कोटी 80 लाख युरोंची. डिझाइन चालू असताना कारखान्याच्या लक्षात आलं की दिलेल्या मापांनी गाडी बनवली तर ती काही बोगद्यांत शिरणारच नाही. 2023 च्या सुरुवातीला हे बाहेर फुटलं, देशभर टिंगल झाली, रेन्फेच्या अध्यक्षांनी आणि वाहतूक खात्याच्या राज्यसचिवांनी राजीनामे दिले. एकही गाडी चुकीची बनली नव्हती, चूक कागदावरच पकडली गेली, हे कोणी ऐकायला तयार नव्हतं.

लोकांना वाटलं रुळांचं माप चुकलं. ते नव्हे. रुळांची रुंदी बरोबरच होती. चुकलं ते गाडीच्या अंगाचं माप. आपल्याकडे त्याला शेड्यूल ऑफ डायमेन्शन्स म्हणतात: गाडी किती रुंद, किती उंच, बोगद्याची भिंत किती लांब. मोठ्या रेल्वेत हे एकाच तक्त्यात बसतं. पण शंभर वर्षांत पाच-सात कंपन्यांनी आपापल्या सोयीनं खणलेले बोगदे कोणत्या तक्त्यात बसवणार? कागदावर एक प्रमाण माप लिहिलेलं होतं, डोंगरातले बोगदे त्याहून लहान होते. शेवटी जी जुनी गाडी रोज तिथून जाते तीच प्रमाण धरून नवीचा आकार ठरवायचा असं ठरलं. आमच्याकडे जुने मेट, म्हणजे गँगचे मुकादम, सांगायचे, साहेब, नकाशा राहू द्या, ट्रॉलीवर बांबूची चौकट बांधून बोगद्यातून फिरवून आणा. तेच हे.

एक खुलासा. तुम्ही दिलेल्या यादीत कोर्सिका नव्हतं, पण ते घ्या. फ्रान्सचं असलं तरी मीटरगेज आणि अजून रोज चालणारं, बास्तियाहून आजाक्सियोपर्यंत, मधे व्हिझ्झाव्होनाचा जवळजवळ चार किलोमीटरचा बोगदा. पूर्व किनाऱ्याची शाखा 1943 च्या युद्धात मोडली ती पुन्हा बांधलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार म्हणताय, तर एकच मार्ग निवडायचा झाल्यास दियाकोफ्तोची दातेरी घ्या. उजवी की डावी खिडकी, हा वाद घालू नका. घळ दोन्ही बाजूंना बदलत राहते. मिळालं तर पुढे, चालकाच्या मागे उभं राहा. दातेरी पट्टी जिथे सुरू होते तिथे गाडी अगदी हळू होते, खालून एक खट्ट आवाज येतो, आणि मग दात बसल्याची थरथर तळव्यांतून वर चढते. बूट पातळ तळव्यांचे घाला, जास्त चांगली कळते.